निर्गुडीचा शेक कुणाला द्यावा, कुणाला नाही

बांधावर निर्गुडी भरपूर आहे. गुडघ्यांसाठी पाला कसा वापरावा? (वय ६२, सातारा)

आधी झाड तपासा. एका देठावर तीन किंवा पाच पानं, वरून हिरवी, खालून राखाडी, चुरगळली की उग्र वास. शहरातल्या कुंपणाला जांभळ्या पाठीची तीन पानांची झुडपं असतात, ती हिची चुलत बहीण, ती नको.

दोन मुठी जून पानं घ्या. लोखंडी तव्यावर चमचाभर तिळाच्या तेलात परता. पानं मऊ पडून वास घरभर झाला की सुती फडक्यात पुरचुंडी बांधा. ती आधी स्वतःच्या मनगटाला टेकवा आणि मगच गुडघ्याला. गार झाली की परत तव्यावर. दहा-पंधरा मिनिटं पुरे, रात्री निजण्यापूर्वी. सकाळी उठताना आखडणारा, जुना, थंडीत वाढणारा गुडघा असेल तर आठवड्यात फरक कळावा. त्यातलं बरंचसं श्रेय नुसत्या उबेचंही असतं, हे वैद्य असूनही कबूल करतो. झिजलेली कूर्चा मात्र पाल्याने भरून येत नाही.

पायाचा अंगठा रात्रीत सुजून लालबुंद झाला. निर्गुडीने शेकला तर ठणका वाढला. असं का?

वाढणारच. चादर लागली तरी जीव जातो असा लाल, गरम सांधा म्हणजे बहुधा वातरक्त, म्हणजे गाऊट. तिथे शेक म्हणजे आगीत तेल. पाय उशीवर ठेवा, गार पट्टी लावा, डॉक्टरांना दाखवा. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी जा. सांध्यात पू झाला असेल तर उशीर महागात पडतो.

सासूबाईंना मधुमेह आहे. पोटलीने तळपायाला फोड आले, त्यांना भाजलेलं कळलंही नाही.

मधुमेहात पायाची जाणीव बोथट होते, म्हणून असं घडतं. फोड फोडू नका, आजच दाखवा. यापुढे त्यांच्या पावलांना शेक नको. तेल कोमट करून हलक्या हाताने लावा, तेही जखम पूर्ण भरल्यावर.

तेल घरी जमेल का?

जमेल, पण घाई नको. एक वाटी तिळाचं तेल, चार वाट्या पाल्याचा ताजा रस, थोडा वाटलेला पाला, मंद आचेवर. तळाचा गाळ बोटांवर घेऊन वळा. त्याची वात झाली आणि ती विस्तवावर धरल्यावर चरचरली नाही, तर पाणी आटलं. याच सुमाराला तेलावर फेस येतो. चरचरली तर आणखी शिजवा, नाहीतर तेल लवकर खवट होतं.

रक्तदाबाची गोळीही चालू आहे. निर्गुडीचा काढा प्यायला तर दुखण्याची गोळी बंद करता येईल?

नाही. २००३ साली श्रीलंकेतल्या संशोधकांनी पाल्याचा अर्क उंदरांना पाजला, तेव्हा सूज आणि वेदना कमी झाल्या. पण उंदीर तुमच्यासारखा रक्तदाबाची गोळी घेत नव्हता. फिलिपिन्समध्ये हीच वनस्पती पोटात देतात, पण खोकल्यासाठी. गर्भारपणी किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना काढा मनाने सुरू करू नका. आणि दोन दिवसांत सगळे सांधे मोकळे करणारी, नाव नसलेली पुडी कुणी दिली तर घेऊच नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं आढळलेलं आहे.