जुना फायकस बोन्साय मिळालाय? आधी कात्री बाजूला ठेव
अरे फायकस (वड-पिंपळाच्या जातीतलं झाड) आहे ना, मग पानं सगळी गळाली म्हणून लगेच मेला असं समजू नकोस, खोडावर नखाने जरा खरवडून बघ, आत हिरवं दिसलं आणि चीक आला की जिवंत आहे. फांद्या पण तशाच चेक कर, कडक वाळल्यात तेवढ्याच काप. माती दगडासारखी झाली असेल तर वरून घातलेलं पाणी नुसतं कडेने वाहून जातं, त्यामुळे अख्खा ट्रे (बोन्सायची उथळ कुंडी) टबात बुडव, बुडबुडे थांबले की काढून निथळू दे. ऊन सकाळचं चालेल, दुपारचं नको. खत आत्ता अजिबात नाही!! सगळे तिथेच घाई करतात आणि कमजोर मुळं जळतात. रिपॉटिंग (म्हणजे माती बदलून पुन्हा लावणं) नवी पालवी नीट फुटल्यावरच, आपल्याकडे जूनचा पाऊस सुरू झाला की बेस्ट टाइम, तेव्हा मुळं एक तृतीयांश कापलीस तरी फायकसला झेपतं, मिक्समधे बागेची चिकट माती नको, विटांचा चुरा (बारीक पूड चाळून काढून टाक), जाड वाळू आणि थोडं गांडूळखत बास. पिठ्या ढेकूण (पांढरे, कापसासारखे किडे) दिसले तर कडुनिंबाचं तेल संध्याकाळी मार. वायरिंग (फांद्यांना तार गुंडाळून वळण देणं), शेप वगैरे पुढच्या वर्षी बघू, आणि नर्सरीवाला काहीतरी टॉनिक गळ्यात मारेल ते घेऊ नकोस.