कू ची, मोक बाई, नॉम पेन्ह: एका दिवसात किती कोंबायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी गुहागरची. जानेवारीत मैत्रिणीबरोबर पाठीवर सॅक टाकून व्हिएतनाम आणि कंबोडिया करायचंय, दोघींचीही पहिलीच परदेशवारी. विमान मुंबई ते हो ची मिन्ह सिटी, परतही तिथूनच. मधे बसने कंबोडियाच्या राजधानीला, नॉम पेन्हला जाणार. नकाशात बघितलं तर कू चीची, व्हिएतनाम युद्धातली भुयारं त्याच दिशेला दिसतात, म्हणून सकाळी भुयारं, दुपारची बस आणि संध्याकाळी नॉम पेन्हच्या नदीकाठी जेवण असा एक दिवस बसवलाय. भाऊ म्हणतो रात्रीची बस घ्या, हॉटेलचे पैसे वाचतील. काय करू?

उत्तर: आधी व्हिसाचं बोलते, कारण खरी अडचण तिथेय आणि तू ती विचारलीच नाहीयेस. परतीचं विमान हो ची मिन्हहूनच असेल तर तुम्ही व्हिएतनाममध्ये दोनदा शिरणार, आणि साधा ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो. तो २५ डॉलरचा, अनेक प्रवेशांचा ५० डॉलरचा. स्वस्त म्हणून पहिला काढलात तर परत येताना सीमेवर अडकाल. त्यामुळे एकतर ५० वाला काढा, नाहीतर परतीचं विमान नॉम पेन्हहून बघा. अर्जात कुठून येणार, कुठून बाहेर पडणार तेही विचारतात, तिथे बाहेर पडायला मोक बाई टाक, ती नॉम पेन्हच्या रस्त्यावरची व्हिएतनामची सीमाचौकी.

आता तुझा तो दिवस. कू ची त्याच रस्त्यावर लागतं हे खरंय, पण भुयारं हायवेपासून आत आहेत आणि अर्ध्या दिवसाच्या टूर तुम्हाला परत शहरातच आणून सोडतात. म्हणजे दुपार झाल्यावर तोच रस्ता पुन्हा, वर ट्रॅफिक, आणि अंधार पडता पडता सीमा, तीही पहिल्यांदाच. नको गं. भुयारांना वेगळा दिवस दे, नाहीच जमलं तर ती सोड, पण बसच्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस.

आणि रात्रीची बस तर नकोच. सगळं अंतर साधारण २३० किलोमीटर, सीमेसकट सहा-सात तास. एवढ्यात झोप कसली होणार, मधेच उठून उतरायचं, रांगेत उभं राहायचं, पुन्हा चढायचं, आणि अवेळी नॉम पेन्हला उतरलात की चेक-इनला अजून अवकाश, मग सॅक घेऊन बसा कुठेतरी. त्यात गुहागरहून चिपळूण, तिथून रात्रीची गाडी पकडून मुंबई, मग विमान, एवढं करून तुम्ही आलेल्या असणार. भावाला सांग, वाचलेल्या पैशांपेक्षा झोप महाग पडते.

सकाळी सात-आठची बस घ्या. शहरापासून मोक बाई ७० किलोमीटरच्या आसपास. तिथे व्हिएतनामचा बाहेर पडल्याचा शिक्का, मग थोडं पुढे कंबोडियाचं बावेत, जिथे रस्त्याला लागून कॅसिनोच कॅसिनो. नंतर स्वाय रिएंग प्रांत, सपाट भातखाचरं आणि मधे मधे ताडाची झाडं. खिडकी पकड आणि कृपा करून मोबाईल बघत बसू नकोस. पुढे नेआक लोएंगला मेकाँग येते. २०१५ पर्यंत तिथे पूल नव्हता, बस, ट्रक, माणसं सगळी फेरीबोटीतून पलीकडे जायची, अगदी तुमच्या धोपावे-दाभोळसारखी. आता जपानच्या मदतीने बांधलेला लांबलचक पूल आहे आणि बस त्यावर चढली की नदी केवढी आहे ते कळतं. रात्रीच्या बसमध्ये हे सगळं काळोखात जातं, आणि मला विचारशील तर सगळ्या ट्रिपमधला हा तुकडा सोडण्यासारखा नाहीच.

जेवणाला बस कुठेतरी थांबते पण वेळेचा भरवसा धरू नका, कडबोळी-चिवडा जवळ असू दे. गाडी लागत असेल तर गोळी बसमध्ये चढायच्या आधी घ्यायची. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जराशी फाटकी नोट कंबोडियात घेत नाहीत. डॉलर तिथे सर्रास चालतात, सुटे मात्र रिएल या तिथल्या चलनात मिळतात, डॉलरला साधारण चार हजार. आणि जानेवारीच्या शेवटी जाणार असाल तर व्हिएतनामी नववर्ष, तेत, कधी आहे ते बघून बसचं तिकीट आधीच काढा, तेव्हा सगळा देश गावी निघालेला असतो.

प्रश्न: मी मालवणचा, निवृत्त शिक्षक. मुलीबरोबर याच वाटेने जाणार आहे. बसमधला माणूस सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो असं ऐकलं. द्यावा का हातात?

उत्तर: काका, तशी पद्धतच आहे तिथे, तो सगळे पासपोर्ट एकगठ्ठा खिडकीवर देतो आणि काम लवकर होतं. काळजी पैशांची घ्या. कंबोडियाचा टुरिस्ट व्हिसा सीमेवर ३० डॉलरला मिळतो, पण मधला माणूस वर काहीतरी लावून मागतो. म्हणून ई-व्हिसा इथूनच सरकारी वेबसाइटवर काढून प्रिंट न्या, तो बावेतला चालतो, आणि मग त्याच्या हातात पैसे द्यायचा प्रश्नच उरत नाही. पासपोर्टचा फोटो तुमच्या आणि मुलीच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पासपोर्ट परत मिळाला की बसमध्ये चढायच्या आधी दोन्ही शिक्के बघा, व्हिएतनाममधून बाहेर पडल्याचा आणि कंबोडियात शिरल्याचा, तारखेसकट. घाई करतील, करू दे.