चार दिवसांच्या बाळाचे पाय आणि ओठ सारखे हलतात. ही आकडी असेल का?

बहिणीच्या चार दिवसांच्या बाळाचे पाय सायकल चालवल्यासारखे हलतात, ओठांचा चाळा चालू असतो आणि घरातली वडीलधारी मंडळी ‘सटवाई खेळवते आहे’ म्हणतात; ही आकडी असेल का आणि असल्यास औषध आयुष्यभर घ्यावे लागेल का, असे आपण विचारले आहे. सोलापुरातील नवजात अतिदक्षता कक्षात मी अनेक वर्षे परिचारिका होते, त्या अनुभवावरून सांगते, की आकडी असू शकते. बाळाला आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. श्वास अडखळत असेल किंवा बाळ निळसर दिसत असेल तर लगेच 108 ला फोन करा.

नवजात बाळाची आकडी सर्वांग आखडणारी असेलच असे नाही, कारण त्याच्या मेंदूची जडणघडण अजून चालू असते. एकीकडे खिळलेली नजर, चोखल्यासारखे ओठ, मध्येच थांबलेला श्वास, एवढेच दिसते. हलणारा पाय हाताने अलगद धरून पाहा: साधी थरथर असेल तर ती थांबते, आकडी असेल तर झटका आपल्या तळहाताला जाणवत राहतो. तरीही निदान घरी करू नका. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा, आणि खात्रीसाठी ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) लागतो.

जन्मताना गुदमरणे हे सर्वांत मोठे कारण. जंतुसंसर्ग, मेंदूतील रक्तस्राव, कमी कॅल्शियम ही इतर. मात्र रक्तातील साखर सर्वांत आधी तपासतात. एका बाळाचे ओठ असेच हलत होते, आईला वाटले भूक लागली आहे. टाचेतून रक्ताचा थेंब घेतला तर साखर 22, म्हणजे फारच कमी होती. शिरेतून 10 टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण), वजनाच्या किलोमागे 2 मिली, दिल्यावर ते शांत झाले. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात अंगावरचे दूध पुरेसे न मिळालेल्या बाळाच्या रक्तातील सोडियम वाढूनही आकडी येते आणि ते सोडियम हळूहळूच उतरवावे लागते, म्हणून बाळाला लघवी किती वेळा होते तेही डॉक्टरांना सांगा.

वाटेत कांदा हुंगवू नका, तोंडात मध किंवा पाणी घालू नका; बाळाला कुशीवर, उबदार ठेवा.

कारण दूर करूनही आकडी चालू राहिली तर प्रथम फिनोबार्बिटोन हे आकडीचे औषध शिरेतून देतात. जन्माच्या वेळच्या तात्पुरत्या कारणाने आलेली आकडी थांबली, की आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या 2023 च्या सूचनांनुसार हे औषध घरी सोडण्यापूर्वीच बंद करता येते.