फोटोग्राफीच्या एम.डेस.साठी पोर्टफोलिओ लावताना

गांधीनगरच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) फोटोग्राफी डिझाइनच्या एम.डेस.साठी, म्हणजे पदव्युत्तर पदवीसाठी, अर्ज करणार असाल, तर लेखी प्रिलिम्सच्या तयारीतच सगळं वर्ष घालवू नका. मेन्सच्या टप्प्यावर तुमचं कामच बोलतं, आणि ते महिनाभरात उभं राहत नाही.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे सूर्यास्त, लग्न, पक्षी, किल्ला असे सुटे सुंदर फोटो. पदव्युत्तर पातळीवर एकाच विषयावरची १२ ते १५ फोटोंची मालिका जास्त सांगून जाते. विषय घराजवळचा घ्या, म्हणजे त्याच जागी वेगवेगळ्या उजेडात वीसदा जाता येईल. नंतर ६०-७० फोटोंच्या ४×६ इंची स्वस्त प्रिंट काढा आणि जमिनीवर मांडा. एकच गोष्ट सांगणाऱ्या दोन फोटोंपैकी एक काढाच, कितीही आवडता असला तरी. शेजारी ठेवल्यावर फोटोचा अर्थ बदलतो, हे स्क्रीनवर कळत नाही.

अंतिम प्रिंट ८×१२ इंच, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४००×३६०० पिक्सेल. लॅबला एसआरजीबी या नेहमीच्या रंग-प्रोफाइलमधली जेपेग द्या. अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त विस्तृत प्रोफाइलची फाइल दिली तर रंग बहुधा फिके येतात. प्रिंट काळपट आल्या, तर आधी मॉनिटरचा ब्राइटनेस तपासा, बहुतेकदा तोच जास्त असतो.

सोबत दीडशे शब्दांचं टिपण लिहा: काय, कुठे, का, आणि काय मुद्दाम वगळलं. मुलाखतीत या शेवटच्या प्रश्नावर अनेक जण अडखळतात.