वाचकांचे प्रश्न : आमदार कार्यालयातले पत्र अडते कुठे?

प्रश्न : आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात मी नुकताच स्वीय सहायक म्हणून रुजू झालो आहे. आलेल्या प्रत्येकाला साहेबांच्या सहीचे पत्र देतो, तरी पंधरा दिवसांनी तोच माणूस तेच काम घेऊन परत येतो. नोंदी कशा ठेवाव्यात?
– एक वाचक, विदर्भ

उत्तर : तुमच्याकडे आवक-जावक नोंदवही असणारच, पण तिच्यात बहुधा नाव, गाव, विषय आणि तारीख एवढेच रकाने असतील. त्यात पाच रकाने वाढवा : अर्जदाराने खात्याकडे केलेल्या मूळ अर्जाचा क्रमांक व तारीख, काम कोणत्या कार्यालयात कोणत्या टेबलावर आहे, तुमच्या पत्राचा जावक क्रमांक, समोरच्या कार्यालयाने दिलेला आवक क्रमांक आणि पुढच्या चौकशीची तारीख. मोबाइल नंबर दोन घ्या, एक अर्जदाराचा आणि एक घरातल्या किंवा शेजारच्या कुणाचा. काम झाल्याचे कळवायला फोन लावावा आणि नंबर बंद लागावा, असे फार वेळा होते.

यातला पहिला रकाना सर्वांत मोलाचा. अर्ज क्रमांक नसेल तर तहसीलमधला लिपिक नस्ती (फाइल) शोधू शकत नाही आणि तुमचे पत्र नुसते दप्तरी जमा होते. पुष्कळदा तर माणसाने मूळ अर्जच केलेला नसतो, तो थेट आमदारांकडे आलेला असतो. अशा वेळी पत्र देऊ नका. आधी ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज भरून द्या आणि पावती त्याच्या हातात ठेवा. सेवा अधिसूचित, म्हणजे शासनाने यादीत जाहीर केलेली असेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने मुदत ठरलेली असते. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिले अपील करता येते. ते अपील लिहून देणे हे शिफारसपत्रापेक्षा जास्त कामाचे, कारण अपिलावर अधिकाऱ्याला निर्णय द्यावाच लागतो.

पत्रातले ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य काढून टाका. त्यावर ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी लिहा : ‘अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक. हा अर्ज कोणत्या त्रुटीमुळे प्रलंबित आहे, ते अर्जदारास लेखी कळवावे व प्रत या कार्यालयास द्यावी.’ एका पत्रात एकच विषय घ्या. एका पत्रात रस्ता, शाळेची खोली आणि रोहित्र असे तिन्ही घातले, तर ते ज्या खात्यात पोचते ते खाते आपला भाग उचलते आणि बाकीचे दोन विषय तिथेच संपतात.

पत्र कुणाला लिहायचे यातही चूक होते. तहसीलदाराच्या अधिकारातल्या कामासाठी मंत्र्यांना पत्र लिहिले की ते मंत्रालयातून जिल्हाधिकारी, तिथून तहसील असे उतरत पुन्हा त्याच टेबलावर येते. मधले आठवडे वाया जातात. आणि जे होणार नाही ते पहिल्याच भेटीत सांगा. न्यायालयात चालू असलेला वाद किंवा महसुली अपील आमदारांच्या पत्राने सुटत नाही. तिथे वकील किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवणे हीच खरी मदत आहे. माणसाला सहा महिने झुलवत ठेवणे हा अन्याय आहे.

आणखी एक. अर्जदारांची आधार कार्डे, आजारपणाचे कागद कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

प्रश्न : मावशीला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे चार महिने मिळाले नाहीत. आमदार कार्यालयाने तहसीलला पत्र दिले. तहसील म्हणते पैसे पाठवले, बँक म्हणते आले नाहीत.
– एक वाचक, मराठवाडा

उत्तर : बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. अनुदान आता आधारवर आधारित थेट हस्तांतराने जाते, म्हणजे पासबुकावरचा खाते क्रमांक पाहून नव्हे, तर आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत. मावशींनी मध्ये कुठे दुसरे खाते उघडले असेल आणि तिथे आधारची संमती दिली असेल, तर पैसे तिकडे जात असतील. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ (अनुदानासाठी आधार कोणत्या बँक खात्याशी जोडले आहे ते) पाहा. ओटीपी लागतो, म्हणून आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा. तिथे बँकेचे नाव दिसते आणि जोडणी सक्रिय आहे की नाही तेही कळते. दुसरीच बँक दिसली तर त्या खात्याचा उतारा काढा. जोडणी निष्क्रिय असेल तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. केवायसीसाठी आधार देणे वेगळे आणि अनुदानासाठी सीडिंग वेगळे. ‘आधार लिंक आहे’ असे काउंटरवरून सांगतात, ते बहुधा पहिल्याबद्दल असते.

हे सगळे ठीक असेल, तर हयातीचा दाखला राहिला आहे का आणि वापर नसल्याने खाते बंद पडले आहे का, ते पाहा. कार्यालयाने पत्र तहसीलदारांना नव्हे, बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना द्यायला हवे होते.

प्रश्न : मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आमदारांचे पत्र लागते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. पैसेही कुणाला द्यावे लागत नाहीत. आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदत कक्षातला कर्मचारी) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा (हेल्पलाइन 155388). तो उपचार योजनेत बसत असेल तर तीच वाट धरायची. रुग्णालय धर्मादाय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला दाखल होतानाच भेटा, बिल हातात आल्यावर नव्हे.

सहायता निधीच्या अर्जासोबत खर्चाचे अंदाजपत्रक (खासगी रुग्णालयाचे असल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेले), तहसीलदारांचा 1.60 लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आधार, शिधापत्रिका, तपासणी अहवाल आणि रुग्णाचा जिओ-टॅग केलेला (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो लागतो. अपघात असेल तर पोलिसांची नोंदही लागते. बिल भरून झाल्यावर अर्ज केला तर परतफेड मिळत नाही. चांगले आमदार कार्यालय इथे खरे उपयोगी पडते, पण पत्राने नव्हे : उत्पन्नाचा दाखला लवकर मिळवून देणे, शल्यचिकित्सकांची सही कुठे अडली ते विचारणे, कागद नीट स्कॅन करून देणे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात आमदार निधीतून सभागृह होईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जागा सोसायटीच्या मालकीची असेल तर अवघड आहे. निधीतून सार्वजनिक मालमत्ता उभी राहायला हवी. आमदार काम सुचवतात, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात. मागणीसोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, स्थानिक संस्थेचे ना-हरकत आणि पुढची देखभाल कोण करणार याची लेखी हमी जोडा. बहुतेक प्रस्ताव जागेच्या कागदावरच परत येतात.

प्रश्न : एखादी तक्रार विधानसभेत कधी मांडावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एकाच्या शिधापत्रिकेसाठी नाही. पण नोंदवहीत एकाच त्रुटीने अडलेले पंचवीस-तीस अर्ज वेगवेगळ्या गावांतून दिसले, तर दोष लिपिकाचा नसून नियमाचा किंवा संगणक प्रणालीचा आहे. तेव्हा तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी). प्रश्नाच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, म्हणून गाववार आकडे आणि अर्ज क्रमांक नोंदवहीत तयार हवेत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाची तयारी दिवाळीपूर्वी सुरू करा.