टाळ शेवटी, सॉफ्टवेअर त्याच्याही नंतर

घरच्या घरी ध्वनिमुद्रण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं महिला भजनी मंडळ आहे. दर एकादशीला देवळात म्हणतो. मुंबई-पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांना पाठवायला आठ अभंग घरीच रेकॉर्ड करायचे ठरलंय. बुवा म्हणजे मीच, पेटीही मीच वाजवते. एक पखवाज, सहाजणी मागे म्हणणाऱ्या आणि टाळ. जावयांनी दोन माइक आणि दोन माइक लावता येतील असा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी) आणून दिला. लॅपटॉप जुना, विंडोज 10 चा, रॅम 4 जीबी. मी रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर घ्यायचं म्हटलं तर भाचा हसतो, म्हणतो ते खेळणं आहे, केकवॉक घे. मोबाइलच्या दुकानातला मुलगा म्हणतो, महागडं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून फुकट टाकून देतो. काय करावं? – एक भजनी ताई, कराड

उत्तर : ताई, भाच्याला हसू द्या. तुम्ही ऑडॅसिटीच घ्या.

केकवॉक वाईट आहे असं अजिबात नाही. कधीकाळी लोक ते चांगले पैसे मोजून घेत. 2018 मध्ये ते बँडलॅब कंपनीने विकत घेतलं आणि फुकट करून टाकलं. 2025 मध्ये त्याच घराण्यातल्या सोनारचीही मोफत आवृत्ती आली. पण ते फक्त विंडोजवर चालतं, खातं काढून लॉगिन करावं लागतं, आणि पडद्यावर इतकी बटणं असतात की पहिला आठवडा ती ओळखण्यातच जातो. शिवाय तुमच्या 4 जीबीच्या लॅपटॉपला ते जड जाईल. ऐन अभंगात लॅपटॉप अडखळला तर पखवाजवाला उठून चहाला जाईल.

ऑडॅसिटीचं पहिलं जाहीर रूप 2000 मध्ये आलं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी त्याची सुरुवात केली होती. आजही ते मोफत आणि मुक्त आहे. भाच्याच्या हसण्यामागे जुनं कारण आहे : त्यात एखादा परिणाम (इफेक्ट, म्हणजे आवाज घुमवणं वगैरे) दिला की तो आवाजावर कायमचा कोरला जायचा, ऐकता ऐकता कमी-जास्त करता येत नसे. 2022 च्या 3.2 आवृत्तीपासून ती अडचण गेली. अजूनही कीबोर्डवरून तबला, गिटार, ऑर्केस्ट्रा उभा करायचा असेल तर ऑडॅसिटी कामाचं नाही. तुमच्याकडे मात्र सगळी वाद्यं हाडामांसाच्या माणसांच्या हातात आहेत. उतरवताना ते त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. त्याच नावाची भलतीच पानं शोधात वर दिसतात.

पेन ड्राइव्हवाल्या मुलाला नम्रपणे नाही म्हणा. चोरीचा प्रश्न आहेच, पण त्या फायलींसोबत काय काय आत येतं ते त्यालाही माहीत नसतं, आणि त्याच लॅपटॉपवर तुम्ही बँकेचं काम करत असाल.

आता खरं काम. तुमच्या पत्रात सॉफ्टवेअरवर पाच ओळी आहेत आणि खोलीवर एकही नाही. म्हणून खोलीवर मी जरा जास्त बोलते.

रिकामा, फरशीचा हॉल नको. कपड्यांची कपाटं आणि गाद्या असलेली झोपायची खोली घ्या. दोन भिंतींना दोऱ्या बांधून गोधड्या सोडा, भिंतीला चिकटून नको, वीतभर अंतर ठेवा. पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर तोही तेवढ्यापुरता बंद (फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावा, नाहीतर रात्री दूध नासलेलं सापडेल). लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बारीक गुरगुर थांबली तर दोष अर्थिंगचा आहे, मग बॅटरीवरच रेकॉर्डिंग करा. वेळ पहाटेची किंवा दुपारी दोननंतरची, कुकरच्या शिट्ट्या आणि भंगारवाला दोन्ही टळतात.

माइक दोनच आहेत, त्यामुळे सगळ्यांना एकत्र बसवून एका झटक्यात घेण्याचा मोह टाळा. आठ-दहा माणसं छोट्या खोलीत वाजवू-गाऊ लागली की टाळ सगळ्यांना गिळून टाकतात. तीन फेऱ्यांत घ्या.

पहिल्या फेरीत फक्त तुम्ही आणि पखवाज. एक माइक पखवाजाला, उजव्या तोंडाकडे जरा जास्त झुकलेला, हातभर लांब. दुसरा तुम्हाला. तुमचा आवाज आणि पेटी त्या एकाच माइकवर येणार आणि पुढे दोन्ही वेगळे करता येणार नाहीत. म्हणून या माइकची जागा शोधायला सुरुवातीचा अर्धा तास द्या. तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला आणि खाली पेटीकडे झुकलेला, इथून सुरुवात करा. एक कडवं म्हणा, ऐका. पेटी जास्त वाटली तर माइक वर घ्या. पट्ट्यांची खटखट ऐकू आली तर तो पट्ट्यांच्या फार जवळ आहे. ही तडजोड नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होत नाही, लाखाच्या सॉफ्टवेअरमध्येही नाही.

पखवाजाच्या डाव्या तोंडावरची कणीक बंद खोलीत, दिव्याखाली वाळत जाते आणि नाद बदलतो. दर अभंगाआधी ती बघायला सांगा आणि उजवं तोंड पेटीच्या पट्टीला मिळवून घ्या. तिसऱ्या अभंगात पखवाज उतरलेला असला तर ते दुसऱ्या दिवशी ऐकताना कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र, लावू नका. अभंगाची लय शेवटी चढते, ती चढायलाच हवी.

ऑडॅसिटीत रेकॉर्डिंगसाठी इंटरफेस निवडा आणि दोन चॅनल ठेवा. माइक क्रमांक एक डाव्या बाजूला येईल, दोन उजव्या. हे तसंच ठेवलं तर ऐकणाऱ्याच्या एका कानात पखवाज आणि दुसऱ्या कानात तुम्ही, असा प्रकार होतो. म्हणून रेकॉर्डिंग झाल्यावर ट्रॅकच्या मेनूतून तो स्टिरिओ (डावा-उजवा जोडलेला) ट्रॅक फोडून दोन मोनो (एकेरी) ट्रॅक करा. पातळी बघताना सर्वांत मोठा सूर उणे 10 डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला लागला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

दुसऱ्या फेरीत सहाजणी. त्यांना तुमचं गाणं ऐकू यायला हवं आणि ते माइकमध्ये शिरायला नको, म्हणून हेडफोनच्या जोडणीला फाटे फोडणारी पिन आणि तारेचे स्वस्त इअरफोन आणा. प्रत्येकीने एकाच कानात घालायचा, दुसरा कान मोकळा, नाहीतर सूर सुटतो. ऑडॅसिटीतली सॉफ्टवेअर प्लेथ्रू ही (माइकचा आवाज लॅपटॉपमधून परत ऐकवणारी) सोय बंद ठेवा आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज थेट हेडफोनला देणारा) असेल तर तो चालू करा, म्हणजे स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येणार नाही. नवं रेकॉर्डिंग स्वतंत्र ट्रॅकवर घ्यायला शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. हा नवा ट्रॅक मूळ गाण्याच्या किंचित पुढे-मागे बसला तर घाबरू नका. सुरुवातीला तुम्ही पहिल्या फेरीत एक टाळी वाजवलेली असू द्या आणि दुसऱ्या फेरीत सहाजणींनी ती ऐकून तिच्यावर टाळी द्यावी. मग दोन टाळ्या पडद्यावर एकाखाली एक सरकवून जुळवा.

टाळ तिसऱ्या फेरीत, दोनच जोड्या, माइकपासून चार-पाच हात लांब. मंडळ कुरकुर करेल, टाळाशिवाय म्हणायला हात मोकळे वाटतात म्हणून. त्यांना दुसऱ्या फेरीत मांडीवर ठेका धरू द्या, साडीवर त्याचा आवाज येत नाही.

ऑडॅसिटी मिनिटाला एका मोनो ट्रॅकमागे साधारण 10 एमबी खातं. सहा ट्रॅक आणि आठ मिनिटांचा अभंग म्हणजे अर्धा जीबी. पेन ड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करू नका, काम संपल्यावर प्रत त्यावर घ्या. आणि पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल आणखी दाबली जाण्याची शक्यता राहते.

*

प्रश्न : मी 19 वर्षांचा आहे, मराठी रॅप करतो. सध्या फक्त अँड्रॉइड फोन आहे, पुढच्या वर्षी कदाचित कॉम्प्युटर येईल. मित्र एफएल स्टुडिओ या बीट बनवायच्या सॉफ्टवेअरचं ट्रायल घे म्हणतात, कुणी एलएमएमएस सांगतं. – एक वाचक, लातूर

उत्तर : फोनवर आज बँडलॅब हे रेकॉर्डिंगचं अ‍ॅप घे. फुकट आहे, ब्राउझरमध्येही उघडतं, त्यामुळे कॉम्प्युटर आल्यावर तेच काम तिथे पुढे चालू ठेवता येईल. फोनवर गाताना ब्लूटूथ इअरफोन वापरू नकोस. बीट तुझ्या कानात उशिरा पोचते, तू तिच्यावर शब्द टाकतोस आणि सगळं मागे बसतं. आपला ताल कच्चा आहे असं समजून बरीच मुलं नाउमेद होतात. तारेचा इअरफोन घाल आणि मग ठरव.

एफएल स्टुडिओचं ट्रायल उत्तम आहे, फक्त एक मेख आहे : काम सेव्ह करता येतं, पण बंद केलं की विकत घेईपर्यंत तेच काम परत उघडता येत नाही. एका बैठकीत बीट पूर्ण करून तिची ऑडिओ फाइल काढून घेणार असशील तर चालेल. एलएमएमएस बीट बनवायला छान आहे आणि पूर्ण मोफत आहे, पण त्यात तुझा आवाज थेट रेकॉर्ड करायची सोय नाही. रॅपरला अर्धंच सामान मिळाल्यासारखं.

कॉम्प्युटर आला की विंडोजवर केकवॉकच्या घराण्यातलं मोफत जे मिळेल ते किंवा वेव्हफॉर्म फ्री. वेव्हफॉर्म फ्रीमध्ये ट्रॅकच्या संख्येला मर्यादा नाही आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. प्रो टूल्स इंट्रोमध्ये ऑडिओ ट्रॅक फक्त 8. डबल, अ‍ॅडलिब, हुक असे आवाजाचे थर धरून तू ते पहिल्याच गाण्यात संपवशील. रीपर माझं स्वतःचं आवडतं, पण ते मोफत नाही. 60 दिवस वापरून बघायला देतात, नंतर वैयक्तिक परवाना 60 डॉलरचा. साठ दिवसांनंतरही ते उघडतं म्हणून लोक तसंच वापरतात, ते मला पटत नाही. पहिल्या कार्यक्रमाची बिदागी आली की परवाना घे.

सेटिंगमध्ये बफर नावाची एक गोष्ट दिसेल, कॉम्प्युटरने आवाज किती मोठ्या तुकड्यांत हाताळायचा ते ती ठरवते. गाताना ती 128 किंवा 256 ठेव. 48 किलोहर्ट्झला 256 म्हणजे साधारण 5 मिलिसेकंदांचा उशीर, तो जाणवत नाही. मिक्सिंग करताना ती 1024 वर ने, म्हणजे कॉम्प्युटर धापा टाकणार नाही.

नेटवरून घेतलेल्या 'फ्री बीट'खालची बारीक अक्षरं वाच. बहुतेक वेळा ती पैसे न कमावणाऱ्या वापरापुरती फुकट असते.

*

प्रश्न : मी नाट्यगीतं गाते, घरात मॅकबुक आहे. तानपुरा अ‍ॅपवर लावते आणि साथीला आजोबांची जुनी पेटी. काय घेऊ? – एक वाचक, फोंडा

उत्तर : गॅरेजबँड. मॅकवर ते मोफत मिळतं, शोधत बसू नका. तुमचा खरा प्रश्न वेगळाच निघेल : आजोबांची पेटी 440 हर्ट्झच्या (आजच्या प्रमाण सुराच्या) मापात तंतोतंत असणं कठीण. पेटीला काही करू नका. अ‍ॅपमध्ये सूर बारीक सरकवायची सोय असते, तीत तानपुरा पेटीच्या षड्जाला मिळवा, मग गा. गॅरेजबँडमधला स्वर आपोआप सुधारणारा परिणाम मात्र कटाक्षाने बंद ठेवा. तुमची मींड तो पायऱ्यांसारखी कापून टाकतो.

*

प्रश्न : माझं मिक्स लॅपटॉपवर छान वाटतं, गाडीत लावलं की नुसता ढोल घुमतो. प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) विकत घ्यावं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. लॅपटॉपच्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. ते ऐकू येत नाहीत म्हणून तुम्ही वाढवत गेलात आणि गाडीच्या मोठ्या स्पीकरने ते सगळे दाखवून दिले. मिक्स हेडफोनवर करा. आवाजाच्या ट्रॅकवरून 80 हर्ट्झच्या खालचं काढून टाका, तिथे गायकाचं काहीच नसतं, पंखा आणि रस्ता असतो. टीडीआर नोव्हा हा मोफत इक्वलायझर एवढ्याला पुरतो. मग ज्या जातीचं तुमचं गाणं आहे तसं एखादं चांगलं मुद्रित गाणं शेजारच्या ट्रॅकवर ठेवा, दोघांची पातळी सारखी करा आणि आलटून पालटून ऐका. यूलीन लाउडनेस मीटर हेही मोफत आहे. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीवर आणून वाजवतं, त्यामुळे त्याहून मोठं करून फायदा होत नाही, उलट ढोल आणखी चेपला जातो. एकदा सगळं मोनो करून ऐका. मोनोत शब्द ऐकू आले नाहीत तर रिव्हर्ब (घुमारा) निम्मा करा.