तानपुरा कुठे लपलाय ते आधी शोधा

प्रश्न : कान घडला तो ख्याल आणि नाट्यसंगीतावर. भाच्याने मोबाइलवर जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'बिचेस ब्रू' हा अल्बम घालून दिला. ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये ऐकला, पण नुसता गलका वाटला. हे माझ्या वयाला झेपणारं नाही का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, यात वयाचा काही दोष नाही, लोकलचा आहे. गाडीची घरघर खालच्या पट्टीतली. छोट्या इयरफोनमधून आधीच दुबळा येणारा बास, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, तिच्यात पार बुडतो. या रेकॉर्डवर दोन बास, दोन-तीन इलेक्ट्रिक पियानो आणि एकाहून जास्त ड्रमवाले आहेत. वरची मंडळी हवी तशी भटकतात, कारण खाली बास जागा धरून बसलेत. तेच कानाआड गेले तर गलकाच उरणार. तानपुरा बंद करून मारवा ऐकायला बसा, काय होतं बघा!

असलं काही नवं हाती आलं की मी आधी एवढंच शोधतो : यात न हलणारं काय आहे? 'बिचेस ब्रू' तूर्त बाजूला ठेवा आणि त्याच्या आधीचा, १९६९ चा 'इन अ सायलेंट वे' रात्री घरी लावा. पहिल्या बाजूला ड्रमवाला टोनी विल्यम्स जवळजवळ अख्खा वेळ हाय-हॅटवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या पायाने मिटणाऱ्या झांजांवर, एकच बारीक चाल धरून आहे. ना उठाण, ना तिहाई. आमचे काही तबलजी दोन आवर्तनंसुद्धा इतके गप्प बसायचे नाहीत. त्या झांजांवर कान ठेवलात की माइल्सचा ट्रम्पेट आणि जॉन मॅकलॉफलिनची गिटार कुठून आली, कुठे विरली, ते आपसूक कळेल. गंमत म्हणजे सुरुवातीचा मोठा भाग शेवटी जसाच्या तसा येतो. तो पुन्हा वाजवलेला नाही, निर्माता टिओ मॅसेरोने तीच टेप तिथे जोडून दिली आहे. मुखड्यावर येणं, पण कात्री चालवून.

पुढे सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' (१९६५). जिमी गॅरिसन बासवर चार सुरांचा तुकडा धरतो. कोलट्रेन तोच तुकडा सॅक्सोफोनवर पट्ट्या बदलत फिरवत राहतो आणि शेवटी सॅक्सोफोन बाजूला ठेवून तोंडाने म्हणायला लागतो, जप चालावा तसा. मग त्याची पत्नी ॲलिस कोलट्रेनचा 'जर्नी इन सच्चिदानंद' (१९७१). त्यात तर खराखुरा तानपुराच आहे, तुम्हाला माहेरी आल्यासारखं वाटेल. 'बिचेस ब्रू'कडे त्यानंतर वळा, आणि कृपा करून ७.४२ च्या फास्टमध्ये नको.

प्रश्न : मी गिटार शिकतो. पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं 'मनी' वाजवताना प्रत्येक वेळी घसरतो. शिवाय 'येस'सारखे बँड वीस-वीस मिनिटांची गाणी का करायचे? फुशारकी म्हणून का?
– एक विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : मित्रा, तू ४ मात्रा मोजत असणार. नाण्यांच्या खणखणाटानंतर जो बास येतो तो ७ चा आहे. सॅक्सोफोनही त्याच ७ वर वाजतो. गिटारचा सोलो सुरू झाला की मात्र गाणं ४ वर जातं, नेमका तिथेच तू पडत असशील. आधी गिटार खाली ठेव आणि बासबरोबर टाळी देत सात मोज. घरी कोणी तबला शिकलेलं असेल तर रूपकाचा ठेका धरायला सांग. वजन तंतोतंत जुळणार नाही, पण सातव्यानंतर वळायची सवय लागेल.

लांबीचं कारण अर्धं तांत्रिक आहे. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. त्याहून जास्त कोंबली तर खाचा दाटतात आणि आवाज बारीक ठेवावा लागतो. त्यामुळे एक बाजू, एक रचना हे माप पडलं. 'येस'चं 'क्लोज टू द एज' (१९७२) त्या मापात चपखल बसतं. पुढच्याच वर्षी 'येस'ने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप घेऊन चार बाजूंच्या चार रचना केल्या. माझ्या मते ऐवज दोनच बाजूंचा आहे, तेव्हा तुझी फुशारकीची शंका तिथे लागू पडते. चार बाजू, चार रचना हाच हिशेब सॉफ्ट मशीन या बँडच्या 'थर्ड'वर (१९७०) कसा जमलाय ते ऐक.

प्रश्न : हे सगळं परदेशातलंच. आपल्या मुंबईत असं धाडस कोणी केलं का?
– एक वाचक, परळ

उत्तर : केलं की! चरणजित सिंग. हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारा माणूस. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली, एक ठेक्याचं, एक बासचं आणि एक सुरांचं, आणि त्यांवर यमन, ललित, मालकंस धरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. बासच्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. मींड म्हणायला जीभ अडखळते, पण चरणजितांनी ती सोय कानाने हेरली होती. रेकॉर्ड तेव्हा फारशी कोणी विचारली नाही. शिकागोत याच बासच्या यंत्रावर ॲसिड हाऊस हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत उभं राहिलं ते काही वर्षांनी, आणि २०१० मध्ये ही रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जग चाट पडलं. इथेही ठेका शेवटपर्यंत जागचा हलत नाही. तो धरून ललित ऐका. दोन्ही मध्यम सापडतात का, ते मला कळवा.

प्रश्न : रेकॉर्डींचं दुकान रिदम हाऊस तर बंद झालं. आता अशा रेकॉर्डी कुठे शोधायच्या?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : चोरबाजारात, मटण स्ट्रीटला. हिंदी सिनेमांच्या ढिगात एखादी जॅझची हाती लागते, रोज नाही. रेकॉर्ड उजेडात तिरपी धरून चरे बघा आणि डोळ्यांच्या रेषेत आणून वाकली आहे का तेही बघा. भाव विचारायचा तो ती पुन्हा ढिगावर ठेवून, शेजारच्या रेकॉर्डकडे बघत.